गाडी मुकी, म्हणून स्वारही मुका?

गेल्या कार्तिकातली गोष्ट. दिवाळी झाली की धनगरांची मेंढरे आमच्या भागात शेतांत बसवायला येतात. पहाट सरून नुकते उजाडले होते. मी माझ्या बॅटरीवरच्या गाडीवरून माधवनगरकडून बुधगावच्या अंगाला चाललो होतो. समोर साईडपट्टीभर मेंढरे पसरली होती आणि त्यांच्या मागे डोक्यावर गाठोडे घेतलेली एक म्हातारी चालली होती. मनात म्हटले, हॉर्न वाजवला तर मेंढरे बुजतील, त्यापेक्षा कडेने हळूच निघून जावे. चांगला भूतदयेचा विचार! माझ्या गाडीला आवाज असा नाहीच. मी त्या म्हातारीच्या कोपराशी पोहोचलो तरी तिला पत्ता नव्हता. आणि अचानक डाव्या बाजूला माझे चाक पाहताच ती दचकली, गाठोडे पडले, पुढची मेंढरे उधळली आणि दोन तर थेट डांबरी रस्त्यावर गेली. नशीब, त्या क्षणी रस्त्याला वाहन नव्हते.

मी गाडी उभी केली, गाठोडे उचलून दिले, माफी मागितली. म्हातारी रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. तिने माझ्याकडे आणि गाडीकडे आळीपाळीने पाहिले आणि म्हणाली, "आरं बाबा, गाडी मुकी हाय त्ये कळलं. पर तुला देवानं त्वांड दिलंय न्हवं?"

या प्रश्नाला मला आजतागायत उत्तर सुचलेले नाही. एरवी शब्दांचा व्यवहार करणारा मी माणूस. वर्गात बोलतो, कागदावर बोलतो, सभेत संधी मिळाली तर तिथेही बोलतो. आणि ज्या ठिकाणी दोनच शब्द पुरले असते, "मावशी, येतोय", त्या ठिकाणी मी मुका राहिलो. म्हणून या दिवाळीत, जेव्हा घरोघर मुले नव्या गाडीचा हट्ट धरून बसली आहेत आणि वडीलमंडळी हप्त्यांचा हिशेब करीत आहेत, तेव्हा या मुक्या गाड्यांविषयी चार शब्द बोलावेत असे मनात आले. फराळाच्या ताटात मिरचीचा ठेचाही लागतोच.

या वादात दोन पक्ष आहेत आणि माझे दोघांशीही पटत नाही, हे आधीच सांगून टाकतो. एक पक्ष आम्हा गाडीवाल्यांचा. त्याचे म्हणणे, "आमच्या गाडीला धूर नाही, गोंगाट नाही, लायसन लागत नाही, मग तक्रार कसली?" दुसरा पक्ष पायी चालणाऱ्यांचा. त्याचे म्हणणे, "या गाड्या वाटेवर येऊच देऊ नका, बंदी घाला." दोघेही तावातावाने बोलतात आणि दोघेही अर्धेच बोलतात.

प्रथम आमची वाट कशी आहे ते सांगितले पाहिजे. सांगलीहून तासगावकडे जाणारा रस्ता माधवनगरमधून जातो. डांबरावर एस.टी., ट्रक, मोटारी. डांबर संपले की दोन्ही बाजूंना मुरमाची साईडपट्टी. कुठे चार हात, कुठे दीड हात, कुठे नुसतीच खड्ड्यांची रांग. या पट्टीवर सकाळी कोण नसते? फिरायला निघालेले पेन्शनर, शाळेला निघालेल्या मुली, दुधाच्या किटल्या लावलेल्या सायकली, भाजीची पाटी घेतलेल्या बाया, कुणाची शेळी, कुणाचे कुत्रे. आणि दिवाळीनंतर उसाचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर कर्ण्यावर गाणी लावून डांबराचा ताबा घेतात. मग डांबरावरचे जे दुबळे, ते सारे मुरमावर उतरतात. आम्ही बॅटरीवाले त्यांच्यातलेच. आमची गाडी पंचवीसच्या वर पळत नाही. ट्रकच्या रांगेत टिकत नाही. म्हणजे ज्याला मोठ्यांनी हुसकले तो धाकट्यांच्या अंगणात येऊन मोठेपणा करू लागला! भांडण पेन्शनर आणि शाळकरी पोरगा यांच्यात दिसते. ते लावून दिले आहे दुसऱ्याच कोणी. पण त्याचे पुढे पाहू.

ही वाट पूर्वीही सामायिकच होती. माधवनगरची कापडगिरणी चालू होती त्या काळी पाळी सुटली की सायकलींचा लोंढा रस्त्यावर येई, असे जुनी माणसे सांगतात. माणसे पायी असत, सायकलीवर असत, बैलगाडीत असत. तरी सगळ्यांच्या चालीत एक नाते होते, कारण सगळ्यांचे बळ शेवटी हाडामांसाचे होते. चढ आला की सायकलवाला उतरून चालू लागे आणि पायी चालणाऱ्याशी त्याच्या दोन गोष्टी होत. वारा तोंडावर आला की दोघेही सारखेच वाकत. बैलाच्या गळ्यात घुंगुरमाळ असे, ती काय केवळ शोभेची होती? रात्रीच्या काळोखात मागून गाडी येते आहे हे पुढच्याला कळावे, हाही तिचा उपयोग होता. सायकलीला घंटी आणि रात्री दिवा हवाच, हे पोलीसही पाहात आणि वडीलही. अनेक नगरपालिका सायकलीला कर लावून बिल्ला देत. म्हणजे सर्वांत गरीब वाहनालाही एक ओळख होती, एक आवाज होता आणि एक दिवा होता.

आता बॅटरीच्या गाडीचे पाहा. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत अशा गाडीची व्याख्या आहे. मोटरची शक्ती 250 वॅटपेक्षा कमी, वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी, बॅटरी सोडून वजन 60 किलोच्या आत, अशी दुचाकी असेल तर कायद्याने ती मोटार वाहन नव्हे. म्हणून नंबरप्लेट नाही, लायसन नाही. नियमात ब्रेक हवेत असे म्हटले आहे. पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तक हवा असेही म्हटले आहे. घंटीचा उल्लेख त्या व्याख्येत नाही. कायदेपंडितांनी डोळ्यांची सोय केली आणि कानांना विसरले! ज्या वाहनाला आवाजच नाही त्याच्या बाबतीत हे विसरणे म्हणजे आंधळ्याच्या हातची काठी काढून घेऊन त्याला आरसा देण्यासारखे आहे.

पंचवीस हा आकडा कागदावर लहान दिसतो. मी मुलांना फळ्यावर हिशेब मांडून दाखवतो. साधी सायकल ताशी पंधराने जाते असे धरा. वेग पंधराचा पंचवीस झाला तर धडकेचा जोर पावणेतीन पट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. त्यात साध्या सायकलीचे वजन पंधरा-अठरा किलो आणि या गाडीचे बॅटरीसह त्याच्या तीन-चार पट. शिवाय ताशी पंचवीस म्हणजे एका सेकंदाला सात मीटर. पायी चालणारा माणूस सेकंदाला जेमतेम दीड मीटर चालतो. दहा मीटर मागे असलेली गाडी दोन सेकंदांत त्याच्या पाठीशी येते. चिखल चुकवायला बाजूला पाऊल टाकण्यापूर्वी मागे वळून पाहायलाही तेवढाच वेळ लागतो. पण मुक्या गाडीच्या पुढे चालणारा मागे वळून पाहीलच कशाला?

आमचे शेजारी आबा असेच चालले होते. वय सत्तरीच्या पुढे. पावसाळ्याचे दिवस, साईडपट्टीवर डबके साचलेले. आबांनी ते चुकवायला उजवीकडे एक पाऊल टाकले आणि मागून आलेल्या गाडीचे हँडल त्यांच्या हाताला लागले. आबा पडले, मनगट मोडले. सहा आठवडे हात गळ्यात. गाडीवर होता माझ्याच वर्गातला नववीचा मुलगा. पळून गेला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. आबांच्या शेजारी बसून रडत होता. संध्याकाळी त्याची आई आली आणि मला म्हणाली, "सर, या गाडीला लायसन लागत नाही, पोरांना चालते, असं दुकानात सांगितलं. म्हणून तर घेतली." यात तिचे काय चुकले? कायद्याने जे माफ केले ते तिने निर्धास्त मानले. लायसन माफ होते याचा अर्थ रीतही माफ होते, असे कायदा म्हणत नाही. पण रीत शिकवावी असेही तो कुठे म्हणत नाही.

आणि इथेच गाडीवाल्यांच्या पक्षाचे म्हणणे कोसळते. "आमच्या गाडीला गोंगाट नाही" हा गुण आहे, कबूल. पण शांतता हा गुण घरात, इस्पितळात, देवळात. वाटेवर मागून येणाऱ्याची शांतता हा गुण नव्हे. दारावर टकटक न करता आत येणाऱ्या पाहुण्याला आपण शांत स्वभावाचा म्हणत नाही. वाटेवर चालणाऱ्याची पाठ हे त्याचे दार आहे. त्यावर टकटक करूनच पुढे जायचे असते. टकटक, बरे का, धक्का नव्हे. आमच्यातले काही जण माणसाच्या कानाशी येऊन असा हॉर्न फुंकतात की तो जागच्या जागी उडतो. ती सूचना नव्हे, तो अपमान. वीस पावलांवरून एकदा घंटी, आणि पुढे जाताना "येतो हं काका": यात कुणाची बॅटरी उतरल्याचे ऐकिवात नाही.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो. आबांचा अपघात झाल्यावर गल्लीत बैठक बसली आणि या गाड्यांना साईडपट्टीवर बंदी करावी असा ठराव बहुतेकांनी उचलून धरला. मी विरोध केला. माझ्याकडे ती गाडी आहे म्हणून केला, असे एका गृहस्थांनी तोंडावर सांगितले. खोटे कशाला बोलू, ते थोडे खरेही होते. पण सगळे नव्हे.

ही गाडी कोण वापरतो ते पाहा. गुडघे गेलेला शेतकरी, ज्याला पायडल मारवत नाही आणि पेट्रोल परवडत नाही. लांबच्या वस्तीवरून शाळेला येणारी मुलगी, जिच्यासाठी एस.टी. वेळेवर येत नाही. गल्लोगल्ली फिरून औषधे आणि निरोप पोहोचवणाऱ्या बाया. दीड-दोन युनिट विजेत चाळीस-पन्नास किलोमीटर जाणारे वाहन गरिबाच्या दारात आले, ही साधी गोष्ट नव्हे. बंदी घालू म्हणणारे हे विसरतात की डांबरावरून मुरमावर आणि मुरमावरून घरात, अशी ही हकालपट्टी शेवटी दुबळ्याचीच होणार. इंग्लंडात 1865 साली असाच एक कायदा झाला होता. रस्त्यावरच्या यांत्रिक गाडीपुढे साठ यार्डांवर एक माणूस तांबडे निशाण घेऊन चालला पाहिजे, आणि गाडीने गावात ताशी दोन मैल व बाहेर चार मैलांपलीकडे जाता कामा नये. तो पुढे सैल करीत 1896 मध्ये मोडीत काढावा लागला. भीतीने केलेले कायदे असेच टिकतात. पण त्याच इंग्लंडाने 1888 साली सायकलीविषयी केलेले कलम मात्र शहाणपणाचे होते. सायकल ही गाडीच आहे असे त्याने ठरवले, म्हणजे तिला रस्त्यावर हक्क दिला. आणि कुणाला ओलांडून जाताना घंटी वा शिट्टी वाजवून ऐकू जाईल असा इशारा दिलाच पाहिजे, असे सांगितले. हक्क आणि रीत एकाच कलमात! आपण मात्र हक्क दिला आणि रीत द्यायला विसरलो.

बंदी आणि मोकळीक यांच्यामधली वाट आपल्या महाराष्ट्रातच पाहायची असेल तर माथेरानला जावे. तिथे पूर्वापार मोटारीला बंदी. 2003 साली तो परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर झाला. मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात; तिथून पुढे तांबड्या मातीची वाट, आणि त्या वाटेवर पायी चालणारे, घोडे आणि माणसाने ओढायच्या रिक्षा. माणसाने माणसाला चढावर ओढून न्यायचे, हे एकविसाव्या शतकात चालू होते. त्या रिक्षा ओढणाऱ्यांनीच मागणी केली की आम्हाला विजेवरची रिक्षा द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने 2022 च्या डिसेंबरात तिचा प्रयोग सुरू झाला. म्हाताऱ्याकोताऱ्यांची आणि शाळेच्या मुलांची सोय झाली. घोडेवाल्यांनी विरोध केला. त्यांच्या पोटाचा प्रश्न तर होताच. शिवाय रिक्षेसाठी वाटेवर बसवलेल्या ठोकळ्यांवरून घोड्यांचे पाय घसरतात, ही तक्रार होती. पर्यावरणवाल्यांना भीती वाटली की आज रिक्षा आली, उद्या मोटार येईल. यांतले एकही म्हणणे टाकाऊ नव्हते.

6 ऑगस्ट 2025 रोजी न्यायालयाने निकाल दिला. माणसाने ओढायच्या रिक्षा माणुसकीला धरून नाहीत, त्या सहा महिन्यांत बंद करा आणि त्या ओढणाऱ्यांना विजेच्या रिक्षा मिळतील अशी योजना करा, असे सांगितले. आणि त्याच निकालात दुसरी गोष्ट सांगितली: दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर ठोकळे चालतील, आतल्या रस्त्यांवर आणि रानातल्या पायवाटांवर ते बसवू नयेत. मला यातला न्याय फार मोलाचा वाटतो. "विजेची गाडी चांगली की वाईट?" असा प्रश्नच तिथे उरला नाही. कोणती वाट कोणाच्या पायाची, हा प्रश्न विचारला गेला. मुख्य वाटेवर चाकाची सोय, आतल्या वाटेवर मातीची आणि पावलांची. माथेरानच्या घोडेवाल्यांचे सारे समाधान यातून झाले असेल असे मी म्हणत नाही. पण भांडणाला आकार आला, आणि आकार आलेले भांडण मिटू शकते.

अमेरिकेत हाच तंटा डोंगरातल्या वाटांवर चालू आहे. तिथे रानवाटांवर हौसेने चालणारे, घोड्यावरून जाणारे आणि सायकलीवरून जाणारे असे तिघे असतात, आणि त्यांच्यात मानाचा एक क्रम ठरून गेला आहे: सायकलवाल्याने चालणाऱ्याला वाट द्यायची आणि दोघांनी मिळून घोड्याला द्यायची. कारण घोडा बुजला तर कुणाचेच काही चालत नाही. 2019 साली तिथल्या सरकारने राष्ट्रीय उद्यानांत विजेच्या सायकलींना दार उघडले आणि जुने चालणारे संतापले. त्यांच्या संतापातले मर्म मला पटते. पूर्वी सायकलवाला उतारावर तेवढा वेगाने येई. चढावर तो आणि चालणारा बरोबरीनेच धापा टाकीत. म्हणजे चालणाऱ्याने समोर, वरच्या बाजूला लक्ष ठेवले की भागे. आता बॅटरीवाला चढावरही पाठीमागून सुसाट येतो. सायकल बदलली एवढेच नव्हे. चालणाऱ्याने जन्मभर साठवलेला अंदाज एका रात्रीत खोटा ठरला. आमच्या सपाट माधवनगरातही तेच झाले. आबांच्या कानांना सत्तर वर्षे सवय होती की चाक येते ते आवाज घेऊन येते. तो विश्वास आम्ही मोडला आणि वर विचारतो, "आजोबा, बघून चालता येत नाही?"

पण चालणाऱ्यांनाही चार शब्द ऐकवल्यावाचून मी त्यांना सोडणार नाही. सकाळी फिरायला निघालेली मंडळी चौघे-चौघे ओळीने, पट्टी अडवून, राजकारणाचा निकाल लावीत चालतात. वाट हा दिवाणखाना नव्हे. तरुण मंडळी दोन्ही कानांत बोळे घालून चालतात. मग आम्ही घंटी वाजवावी तरी कुणासाठी? कुणी कुत्र्याची लांब साखळी वाटेवर आडवी सोडतो आणि स्वतः दुसऱ्या कडेने चालतो. आणि फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या बाजूने, समोरून येणारे वाहन दिसेल असे चालावे, हा शाळेत शिकवलेला नियम पाळणारा मला शंभरांत क्वचित भेटतो. पहिला मान पायांचा, हे मला मान्य आहे. पण मान घेणाऱ्यानेही थोडे सरकायचे असते.

आणि सर्वांत कडक शब्द दोघांसाठी राखून ठेवले आहेत. एक, काही दुकानदार. "साहेब, पंचवीसचा लॉक काढून देतो, पन्नास पळेल," असे हळूच कानात सांगणारे. दुसरे, ते ऐकून मान डोलावणारे बाप. हे लक्षात ठेवा की लॉक काढताक्षणी ती गाडी कायद्याच्या त्या सवलतीबाहेर पडते. ती मोटार वाहन होते. तिला नोंदणी लागते, चालवणाऱ्याला लायसन लागते. आणि मोटार वाहन अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्ह्यास कारण झाले तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, असे कलम 2019 च्या दुरुस्तीने आले आहे. दिवाळीत पोराला गाडी घेऊन देणाऱ्या किती बापांना हे ठाऊक आहे? आणि कायदा बाजूला ठेवला तरी मी विचारतो: ज्या मुलाला आपण अजून गॅस पेटवू देत नाही, त्याला साठ किलोचे लोखंड ताशी पन्नासने माणसांत सोडायला कसे देतो?

आता मघाशी सोडून दिलेला धागा. हे भांडण लावले कोणी? ज्यांनी रस्ता आखताना डांबर मोजले आणि माणसे मोजली नाहीत, त्यांनी. 2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की चालण्याजोगा फुटपाथ असणे हा नागरिकाच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. हे आमच्या साईडपट्टीच्या कानावर अजून आलेले दिसत नाही. चार हात सपाट पायवाट आणि तिच्या कडेला चार हात चाकांची वाट, एवढे झाले तर या लेखातले निम्मे भांडण मिटेल. ते मागत राहिले पाहिजे, आणि पेन्शनर व पोरगा यांनी एका अर्जावर सही करून मागितले पाहिजे. पण तोवर हात जोडून बसायचे काय? रस्ता रुंद व्हायला वर्षे लागतात. घंटी वाजवायला अर्धा क्षण लागतो.

म्हणून मी शाळेत मुलांपुढे आमच्या वाटेचे एक पंचशील ठेवले आहे. ते इथे मोठ्यांपुढेही ठेवतो. पहिले: वाटेवर पहिला मान पायांचा, चाकाने थांबायचे. दुसरे: वीस पावलांवरून घंटी, आणि जवळून जाताना तोंडाने सांगणे. तिसरे: म्हातारे माणूस, लहान मूल किंवा जनावर दिसले की चालण्याच्या वेगावर यायचे, मेंढरे-गुरे असतील तर उतरून, राखणदाराला विचारून पुढे जायचे. चौथे: चालणाऱ्याने एक बाजू आणि एक कान मोकळा ठेवायचा. पाचवे: चूक झाली तर थांबायचे. नंबरप्लेट नसलेल्या गाडीवरून पळून जाणे सोपे असते. म्हणूनच न पळणे ही त्या स्वाराची नंबरप्लेट.

नववीच्या त्या मुलाने हे पंचशील सुंदर अक्षरात लिहून वर्गात लावले आहे. त्याहून चांगली गोष्ट म्हणजे आबांचे प्लास्टर असेपर्यंत रोज संध्याकाळी तो त्यांना त्याच गाडीवर मागे बसवून दवाखान्यात नि देवळात नेत असे. ठरावाच्या बाजूने हात वर करणारे आबा त्या दिवसांत मला म्हणाले, "गाडी बरी आहे हो. गुडघ्याला आराम पडतो." मी विचारले, "मग बंदीचं काय?" तर म्हणाले, "बंदी राहू द्या बाजूला. पण पोराला म्हटलंय, माझ्यासारखं कुणी पुढं दिसलं की हाक मारायची. मी मागं बसून लक्ष ठेवतो." बैठकीत माझ्या भाषणाने जे झाले नाही ते मागच्या सीटने केले.

तेव्हा या दिवाळीत ज्यांच्या दारात नवी गाडी येईल त्यांनी तिला झेंडूची माळ जरूर घालावी, कुंकू लावावे, नारळ फोडावा. पण त्याआधी सायकलीच्या दुकानातून एक साधी घंटी आणून हँडलाला बसवावी आणि ती मुलाच्या हातून वाजवून पाहावी. घंटी मिळाली नाही तरी चिंता नको. देवाने तोंड दिलेले आहे. त्या म्हातारीची मेंढरे या कार्तिकातही आमच्या बाजूला येतील. तिला पुन्हा तोच प्रश्न विचारावा लागू नये, एवढी काळजी मी माझ्यापुरती घेणार आहे. बाकीच्यांनी आपापली घ्यावी.